सीट आधी हलवा, मग बदला

दोन महिन्यांपूर्वी या सदरात ब्रेकच्या रबरांबद्दल लिहिलं तेव्हा शेवटी विचारलं होतं, सायकल चालवताना तुम्हाला सगळ्यात जास्त काय छळतं? मला वाटलं होतं, खड्डे आणि ट्रॅफिक यांची पत्रं येतील. आली ती निम्म्याहून जास्त सीटबद्दलची. म्हणून हा महिना सीटचा.

उत्तरं देण्याआधी एक सांगतो, कारण पुढे त्याचा संदर्भ येईल. माझ्या वडिलांचं नाशिकला रविवार कारंजाजवळ भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. चार आण्याला तासभर सायकल. मुलं यायची, कोणी कमरेएवढी, कोणी बांबूसारखी उंच. वडील कोणालाही सायकल तशीच देत नसत. पोराला सायकलीला खेटून उभं करायचे, हाताची बोटं क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, मधल्या धुऱ्यावर ठेवायला सांगायचे आणि हात ताठ असताना सीट काखेला लागेल एवढी वर-खाली करून नट आवळायचे. अर्धं मिनिट लागायचं. त्या अर्ध्या मिनिटाचं मोल मला पुढे कळलं. २०१५ मध्ये आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत पूर्ण केली. त्यानंतर गंगापूर रोडवर पहाटे भारी भारी सायकली दिसू लागल्या आणि त्यातली कितीतरी माणसं दुखरी बैठक घेऊन माझ्याकडे येऊ लागली. सायकल लाखाची, पण सीट कोणी मापून लावलेलीच नाही.

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. दिवाळीत गिअरची सायकल घेतली. शाळा सहा किलोमीटरवर आहे, पण चार किलोमीटर झाले की बसवत नाही. दुकानदाराने आधी रुंद सीट बसवून दिली, मग जेलचं कव्हर दिलं. तरी दुखतंच. बाजूने काढलेला फोटो आणि पायाचं माप सोबत पाठवते आहे. आता कोणती सीट घेऊ? (एक शिक्षिका, सिन्नर)

बाई, आता कोणतीच सीट घेऊ नका. तुमचा फोटो मी मोठा करून नीट पाहिला. पायडल अगदी खाली आहे आणि तरी तुमचा गुडघा जिना चढताना वाकतो तेवढा वाकलेला आहे. सीटचं नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, आभाळाकडे आहे. आणि जेलच्या कव्हरची नाडी सैल पडून त्याची घडी नेमकी मधोमध गोळा झाली आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर जगातली कुठलीही सीट दुखणारच.

पत्रात तुम्ही लिहिलंय, 'दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात, त्यामुळे उंची बरोबर असावी.' हा समज इतका पसरलेला आहे की मी तो रोज ऐकतो. सीटवर बसून दोन्ही टाचा जमिनीला टेकत असतील तर सीट खूप खाली आहे. सीट खाली असली की पाय पायडलवर जोर लावून शरीराचा भार उचलू शकत नाहीत, सगळं वजन बैठकीवर येतं. तुम्ही खुर्चीत बसल्यासारख्या बसता आणि खुर्ची मात्र वीतभर रुंदीची. शिवाय गुडघे प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, ते वेगळंच.

मग थांबायचं कसं? ब्रेक दाबत एक पायडल खाली घ्या, त्यावर उभ्या राहा, सीटवरून पुढे सरकून दांड्याच्या वर या आणि दुसरा पाय जमिनीवर टेका. निघतानाही उलट्या क्रमाने तेच. रविवारी शाळेचं मैदान मोकळं असेल तेव्हा वीस-पंचवीस वेळा करा, म्हणजे अंगवळणी पडेल. हे जमेपर्यंत सीट एकदम वर नेऊ नका.

आता माप. पायाची आतली लांबी तुम्ही ७२ सेंटिमीटर लिहिली आहे. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, दोन पायांत पुस्तक घट्ट वर ओढून मोजलीत ना? तसंच मोजायचं. त्याला ०.८८३ ने गुणा. हा हिशेब टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडमुळे जगभर गेला. उत्तर येतं ६३.६ सेंटिमीटर. क्रँकच्या धुऱ्याच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या रेषेत सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत एवढं अंतर हवं. तुमच्या सायकलीवर ते ५८ आहे. साडेपाच सेंटिमीटर कमी! पण हा हिशेब शर्यतीच्या, पायडलला अडकणाऱ्या बुटांसाठी बेतलेला आहे, चपलेवर किंवा साध्या बुटावर चालवणाऱ्याने त्याच्या थोडं खालीच थांबावं. तुम्ही ६३ धरा. तेही एका दिवसात नाही. दर तीन-चार दिवसांनी एक सेंटिमीटर वर घ्या, दोन-तीन आठवड्यांत पोहोचाल. स्नायूंना सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

आकडे नको असतील तर टाचेची पद्धत वापरा. कोणाला तरी सायकल धरायला सांगा, सीटवर सरळ बसा, पायडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा पूर्ण सरळ व्हावा, पण कंबर त्या बाजूला कलू नये. मग चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. वडिलांचं काखेचं माप याच्या जवळपासच उतरतं, मी कितीतरी जणांवर पडताळून पाहिलंय. फक्त ज्याचे हात पायांच्या मानाने लांब किंवा आखूड, त्याला ते चुकीचं ठरतं.

उंची झाली की नाक. गवंड्याकडे पाणसळ असते, ती मागून आणा. सीटवर एक सरळ फळी आडवी न टाकता लांबीच्या दिशेने ठेवा आणि तिच्यावर पाणसळ. मोबाइलमध्येही हल्ली ही सोय असते. बुडबुडा मध्यावर आला पाहिजे. सुरुवात समतलापासूनच करायची. नाक वर असलं की ते नाजूक भागावर दाबतं, माणूस नकळत मागे सरकून कंबर गोल करून बसतो आणि संध्याकाळी पाठ धरते. तुमच्या पत्रात पाठीचाही उल्लेख आहे, तो मी याच खात्यात टाकतो.

मग पुढे-मागे. सीटच्या खाली दोन सळ्या असतात, त्यांवर सीट सरकते. पायडल समोर, आडव्या रेषेत ठेवा. गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली जे हाड हाताला लागतं तिथून ओळंबा सोडा. दोऱ्याला नट बांधला तरी ओळंबा झाला. दोरा पायडलच्या धुऱ्यावरून किंवा किंचित मागून गेला की झालं. हा काही निसर्गनियम नाही, सुरुवातीची जागा आहे. तिथून एकेक सेंटिमीटर मागे-पुढे करून पाहायला हरकत नाही. मात्र एक ध्यानात ठेवा : सीट १० मिलिमीटर मागे नेलीत की पाय साधारण ३ मिलिमीटर जास्त ताणला जातो. त्यामुळे मागे नेली तर तेवढी खाली, पुढे आणली तर तेवढी वर.

जेलचं कव्हर काढून ठेवा. माणूस सायकलवर बसतो तो मांसावर नाही, बैठकीच्या दोन हाडांवर. पंगतीत आपण लाकडी पाटावर तास-दीड तास बसतो आणि उठून चालू लागतो. तेच फार मऊ गादीत हाडं रुततात आणि त्यांच्या मधला मऊ भाग गादीच्या फुगवट्याने दाबला जातो. सहा किलोमीटरला कव्हरची गरज नाही. पहिली सीटही ठेवली असेलच. रुंद सीट काढा, पहिली परत लावा, उंची-नाक-जागा वर सांगितल्याप्रमाणे करा आणि महिनाभराने मला लिहा. सुरुवातीचे आठ-दहा दिवस हाडांच्या जागी थोडं ठणकेल. नव्या जोड्याने बोट दुखतं, तसं ते ओसरतं. मुंग्या, बधिरपणा किंवा कातडी सोलवटणं मात्र सहन करायचं नाही, ते चुकीच्या मापाचं लक्षण आहे.

शेवटची गोष्ट, आणि ती मी स्वतः भोगून शिकलोय. माप मिळालं की सीटची नळी जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे चिकटपट्टीचा एक वेढा मारा. एका वर्षी नाशिकहून पंढरपूरला सायकलने निघालो होतो. आदल्या रात्री घाईत सायकल धुतली, नळी पुसून परत घातली, नट हाताच्या अंदाजाने आवळला. नगरच्या पुढे केव्हातरी सीट हळूहळू खाली सरकू लागली. पाव-पाव सेंटिमीटरने जात राहिली, त्यामुळे कळलंच नाही. टेंभुर्णीला चहाला उतरलो तेव्हा उजव्या गुडघ्याने जिना चढायला नकार दिला. मोजलं तर दोन सेंटिमीटरचा फरक. विठ्ठलाचं दर्शन झालं, पण गुडघा पुढे दोन महिने दुखत होता. चिकटपट्टीचा वेढा असता तर पहिल्याच थांब्यावर दिसलं असतं.

प्रश्न : वय २८. फेब्रुवारीत पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची आहे. ७०-८० किलोमीटरनंतर लघवीच्या जागी बधिरपणा येतो, उतरल्यावर पंधरा मिनिटांनी जातो. मित्र म्हणतात, सवय होईल. घरी किंवा डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

दादा, या गोष्टीची सवय करून घ्यायची नसते. मित्रांचं हे म्हणणं बाजूला ठेवा. बैठकीच्या दोन हाडांच्या मधून त्या भागाकडे जाणारी मज्जातंतू आणि रक्तवाहिनी जाते. सीटचं नाक तिच्यावर दाबलं की बधिरपणा येतो. शरीराने दिलेली सूचना आहे ती. संकोच करू नका, सायकल चालवणाऱ्या कितीतरी पुरुषांनी आणि बायकांनीही मला हेच सांगितलंय, बहुतेकांनी आवाज खाली करून.

क्रमाने जा. आधी नाक समतल आहे का पाहा. समतल असूनही त्रास असेल तर नाक एक ते दोन अंश खाली करा. सीट २७ सेंटिमीटर लांब असेल तर दोन अंश म्हणजे पुढचं टोक मागच्यापेक्षा साधारण ९ मिलिमीटर खाली. त्याहून जास्त नको, कारण मग तुम्ही घसरत पुढे याल, सगळा भार तळहातांवर जाईल आणि करंगळीकडची बोटं बधिर होतील. एक दुखणं घालवून दुसरं आणल्यासारखं होईल.

मग उंची. सीट जास्त वर असेल तर पायडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि नाकावर घासते. मित्राला मागून व्हिडिओ काढायला सांगा, डोलणं लगेच दिसेल. तिसरं हँडल. ते फार लांब किंवा फार खाली असेल तर ओटीपोट पुढे झुकतं आणि वजन हाडांवरून सरकून नाजूक भागावर येतं. हँडलखालचे रिंगसारखे स्पेसर वर-खाली करून किंवा छोटा स्टेम (हँडल सायकलीला जोडणारा तुकडा) लावून हे सुटतं. दोष हँडलचा आणि शिव्या सीटला, असं फार वेळा होतं.

हे सगळं करूनही बधिरपणा राहिला तर मधोमध खाच असलेली सीट पाहा, आणि रुंदी मोजूनच घ्या. मोजायची रीत पुढच्या उत्तरात आहे. चालवताना दर दहा मिनिटांनी वीस-तीस सेकंद पायडलवर उभं राहा. घड्याळाचा गजर लावा, कारण गप्पांत विसरायला होतं. पॅडवाल्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालू नका, अंतर्वस्त्राची शिवण जखम करते. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं मिळतात. नाश्ता, जेवण, उभं राहणं, सगळं त्यात बसतं, घाई करायचं कारण नाही.

आणि हे ठळकपणे : उतरल्यावर बधिरपणा तासन् तास राहत असेल, लघवीला त्रास होत असेल किंवा सायकल न चालवताही तो जाणवत असेल, तर सायकल बंद आणि त्याच आठवड्यात डॉक्टर. ब्रेव्हे दर वर्षी असतात.

प्रश्न : सीट ऑनलाइन घ्यायची आहे. १३०, १४३, १५५ असे आकडे असतात. 'लेडीज' लिहिलेली घ्यावी का? माझी उंची ५ फूट ६ इंच, वजन ६१ किलो, रोडबाइक आहे. (एक वाचक, कोथरूड, पुणे)

ताई, उंची आणि वजन यांवरून सीटचं माप कळत नाही. आकडे मिलिमीटरमधली रुंदी सांगतात, आणि ती ठरते बैठकीच्या दोन हाडांमधल्या अंतरावरून. बारीक माणसाची हाडं दूर असू शकतात आणि जाड माणसाची जवळ. बायकांमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असतं खरं, पण सरासरी तुमच्या सायकलीवर बसत नाही, तुम्ही बसता. मोजून घ्या.

फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा, आत नागमोडी पदर असलेला पुठ्ठा घ्या, हातभर लांब. जिन्याच्या पायरीवर किंवा कडक स्टुलावर ठेवा. पातळ कपड्यांवर त्यावर बसा, पाय थोडे उंचावर ठेवा म्हणजे गुडघे वर येतील, आणि रोडबाइकवर वाकता तेवढं पुढे वाका. दोन्ही हातांनी स्टुलाची खालची कड धरून स्वतःला खाली ओढा. अर्ध्या मिनिटाने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर पेन्सिलचं शिसं आडवं धरून हलकेच फिरवा, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो तसं. खळग्यांच्या सगळ्यात खोल जागा शोधा, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. तीनदा करा.

मागच्या महिन्यात माझ्या दुकानात एक मुलगी आली होती, अंगाने अगदी काटकुळी. १३० ची सीट तिला कोणी 'स्लिम' म्हणून दिली होती. पुठ्ठ्यावर तिचं माप आलं १२६. म्हणजे हाडं अक्षरशः सीटच्या उतरत्या कडेवर बसत होती. मांडीच्या आतली कातडी दोन्हीकडे लाल झाली होती. १५५ ची लावली, तेव्हापासून पुन्हा तक्रार नाही.

तर हिशेब असा : आलेल्या मापात रोडबाइकवर वाकून बसणाऱ्याने साधारण २० मिलिमीटर मिळवावेत, सरळ बसून चालवणाऱ्याने ३० ते ४०. मिळवायचे का, तर छापलेली रुंदी बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंतची असते आणि कडा गोल उतरत्या असतात. भार पेलणारा सपाट भाग त्याहून अरुंद असतो. तुमचं माप समजा ११८ आलं, तर १३८ च्या जवळची म्हणून १४३ घ्या. अधेमधे आलात तर जरा रुंदच.

'लेडीज' या शब्दावर जाऊ नका. बायकांसाठी म्हणून विचारपूर्वक केलेल्या चांगल्या सीट आहेत, आखूड नाकाच्या, मधे मोठी खाच असलेल्या. वाकून चालवणाऱ्या बायकांना त्या फार उपयोगी पडतात. पण आपल्याकडे 'लेडीज सीट' म्हणून जे हातात दिलं जातं ते बऱ्याचदा स्प्रिंगवाली, भाकरीएवढी रुंद, मऊ गादी असते. रोडबाइकवर ती मांड्यांना घासून जखमा करते. बाईमाणूस आली की काही न विचारता हेच द्यायचं, याचा मला मनापासून राग येतो. परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या आणि परत करायची मुदत आधी वाचा.

प्रश्न : उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतं. सीटमुळे असेल का? (एक वाचक, सातारा)

असू शकतं. पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा फार पुढे आहे, असं आधी धरा. गुडघ्याच्या मागच्या लवणीत दुखलं तर उलट, सीट फार वर किंवा फार मागे. पाच मिलिमीटर बदला, आठवडाभर चालवा, मग पुन्हा बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. चढावर जड गिअरमध्ये रेटत असाल तर तेही सोडा, साताऱ्यात चढ काही कमी नाहीत. सूज असेल तर मला नाही, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आजोबांची काळी सायकल घरी आहे. सीट चामड्याची, खाली स्प्रिंगा. चालवताना सीट आपोआप मागे कलते आणि नाक वर येतं. चामडंही मधे खोल गेलंय. नवी घ्यावी का? (एक वाचक, निफाड)

आजोबांची सीट आहे, आधी वाचवायचा प्रयत्न करू. कलण्याचं कारण सीट नाही, तिच्याखालची क्लिप आहे. या सायकलींना नळीच्या टोकावर एक क्लिप असते, तिच्यात दातेरी चकत्या असतात आणि दोन्ही बाजूंना नट. वर्षानुवर्षं सैल चालवली की दाते गुळगुळीत होतात आणि मग कितीही आवळा, धरत नाहीत. क्लिप सोडवून चकती नखाने चाचपून पाहा. दाते बोटाला टोचले नाहीत तर क्लिप बदला. कुठल्याही जुन्या दुकानात मिळते, स्वस्त असते. दोन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. एकच बाजू आवळली तर सीट तिरकी बसते.

चामडं झोळीसारखं ताणलेलं असतं, खाली गादी नसतेच. नाकाखाली वाकून पाहा, एक बोल्ट आणि नट दिसेल. तो ताण देण्यासाठी आहे. पाव फेरा द्या, आठवडाभर बसा, लागला तर आणखी पाव. एकदम दोन-तीन फेरे दिलेत तर वाळलेलं चामडं रिव्हेटच्या भोकापाशी फाटेल. चामड्याला गोडंतेल किंवा खोबरेल चोपडू नका, ते ढिलं पडतं. चामड्याचं मलम मिळतं, ते अगदी पातळ, वरून आणि खालून. पावसात भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको. आणि रिव्हेटपासून भेगा निघालेल्या असतील तर मात्र तिला खुंटीवर मानाने टांगून ठेवा, बसू नका.

अशा सीटचं मूळ घराणं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं, ब्रूक्स, १८६६ पासूनचं. कंपनीच्या इतिहासात सांगतात की जॉन बोल्टबी ब्रूक्स यांचा घोडा गेला, म्हणून ते उसन्या सायकलवर कामाला जाऊ लागले आणि तिची सीट इतकी टोचली की त्यांनी स्वतःच चांगली सीट करायचं ठरवलं. आपल्याकडच्या काळ्या सायकलींनी त्याच बांध्याची नक्कल पिढ्यान् पिढ्या चालवली. चामडं मालकाच्या हाडांप्रमाणे वाकतं, त्यामुळे आजोबांच्या खळग्यांत तुम्हाला बसायला आधी थोडं वेगळं वाटेल.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची, भराभर उंच होते आहे. सीट किती वर ठेवावी? (एक आई, जळगाव)

शिकत असेल तर दोन्ही चवडे जमिनीला टेकतील एवढी. सफाईने चालवत असेल तर टाचेची पद्धत. दर तीन महिन्यांनी, म्हणजे शाळेच्या चाचणीच्या आसपास, पुन्हा बघा. नळीवर 'याच्यापेक्षा वर नको' अशी रेघ कोरलेली असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसली की सीट वर न्यायची नाही, मोठी सायकल घ्यायची. रेघ पुसली गेली असेल तर नळी किमान आठ सेंटिमीटर आत आणि आडव्या दांड्याच्या सांध्याच्याही खालपर्यंत असायला हवी. नाहीतर एखाद्या खड्ड्यात नळी वाकते किंवा फ्रेम फाटते. या बाबतीत अंदाजाने चालू नका.

प्रश्न : नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला राहतो. रोज ऑफिसला सायकल, हँडल उंच, पाठ सरळ. पुण्याहून आणलेली माझी रोडबाइकची अरुंद सीट लावली, पण सहन होत नाही. पुण्यात तीच उत्तम होती. (एक वाचक)

सीट तीच, पण बसणं वेगळं. पुढे वाकता तेव्हा काही भार हातांवर जातो आणि हाडांचा पुढचा, जवळजवळ असलेला भाग सीटवर येतो. सरळ बसलात की जवळपास सगळा भार हाडांच्या मागच्या, दूर असलेल्या भागावर येतो. तिथे रुंद सीटच हवी, स्प्रिंग असली तर आणखी छान. वर सिन्नरच्या बाईंना रुंद सीट काढायला सांगितली आणि तुम्हाला लावायला सांगतोय, त्याचं कारण एवढंच की त्या त्यांच्या गिअरच्या सायकलीवर थोड्या वाकून बसतात. तिकडच्या पावसात चामड्याची घेतलीत तर मडगार्ड हवंच, कारण चामडं खालून जास्त भिजतं. आणि उभी करताना वर आवरण.

प्रश्न : सीटची नळी फ्रेममध्ये जाम झाली आहे, हलतच नाही. हातोडा मारू का? (एक वाचक, रत्नागिरी)

नको. कोकणातल्या हवेत लोखंडी फ्रेम आणि ॲल्युमिनिअमची नळी एकमेकांना धरतात. सांध्यात गंज सोडवणारं तेल टाका, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा टाका.  नळी आवळून धरणाऱ्या क्लँपचा नट पूर्ण काढा. मग सीट दोन्ही हातांनी धरून वर ओढण्याऐवजी डावी-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा. आधी फिरते, मग निघते. दोन-तीन दिवस लागू शकतात. निघाली की आतला गंज पुसा, नळीला ग्रीसचा पातळ थर द्या आणि दर वर्षी पावसाळा संपला की एकदा काढून पुन्हा ग्रीस लावा. नळी किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस नाही, कार्बनसाठी मिळणारी खरखरीत पेस्ट.

पुढच्या महिन्यात हँडल. फोटो पाठवणार असाल तर सायकल सरळ उभी, एक पायडल सगळ्यात खाली, मोबाइल सीटच्या उंचीला धरून बरोबर बाजूने काढा. नेहमीचेच बूट किंवा चपला घाला आणि नेहमी बसता तसेच बसा, फोटोसाठी पाठ ताठ करू नका.